सुट्टीतलं वाचन आणि पुठ्ठ्याचा किल्ला

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना पुस्तकांची नावं नीट लिहून घ्यायची आहेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेलं काही ठिकाणी तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे पाचवी ते आठवीच्या मुलांचं सुट्टीतलं वाचन, आणि त्या वाचनावर करायचे प्रकल्प. विषय हंगामी वाटेल. परीक्षा संपल्या, आंबे आले, आता मुलांना कुठे गुंतवायचं, असा. पण मी तो घेतला त्याला एक कारण आहे. ते कारण थोडं लाजिरवाणं आहे आणि ते माझंच आहे, म्हणून आधी तेच सांगते.

बेचाळीस वह्या

काही वर्षांपूर्वी मी सातवीला मराठी शिकवत होते. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं: सुट्टीत पाच पुस्तकं वाचा, प्रत्येकाचा सारांश लिहा आणि एका पुस्तकावर प्रकल्प करून आणा. जूनमध्ये बेचाळीस वह्या आल्या. तपासायला बसले तर एकच वाक्य अकरा वह्यांत, स्वल्पविरामासकट. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर होता तो! मुलांनी पुस्तक उलटं करून पाहिलं होतं, उघडून नाही.

आणि एक प्रकल्प मात्र अप्रतिम होता. एका मुलाने किल्ल्यांवरच्या पुस्तकासाठी पुठ्ठ्याचा किल्ला करून आणला होता. बुरूज, दरवाजा, तटबंदी, वर छोटासा झेंडा. मी तो वर्गात मधोमध ठेवला आणि कौतुकाने म्हटलं, "आता यातलं तुला आवडलेलं एक पान वाचून दाखव बरं."

तो उभा राहिला. पुस्तक उघडलं. आणि मंडळी, तो वाचूच शकला नाही. म्हणजे अक्षरओळख होती, पण प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळत होता, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरत होता. मागून कोणीतरी हसलं. मी "बस, बस, छान" म्हणून त्याला खाली बसवलं. किल्ला त्याच्या आईने केला होता, रात्री जागून. पाचवीपासून तो आमच्याच शाळेत होता. फळ्यावरचं उतरवून काढायचा, अक्षर सुंदर होतं, त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही.

त्या दिवशी मला कळलं की मी दिलेला सुट्टीचा अभ्यास वाचायला लावणारा नव्हताच. वाचन न करता तो पूर्ण करता येत होता. ज्याला येतं त्याला कंटाळवाणा, आणि ज्याला येत नाही त्याला लपायला जागा. आज मी जे सांगणार आहे ते त्या किल्ल्यानंतर हळूहळू शिकलेलं आहे.

सुट्टीत नेमकं काय होतं?

आपल्याकडे मे महिना ते जूनचा मध्य अशी साधारण सहा आठवड्यांची सुट्टी असते. विदर्भात ऊन जास्त म्हणून शाळा आणखी उशिरा उघडतात. एवढ्या काळात मुलाचा वाचनाशी अजिबात संबंध आला नाही तर काय होतं? वाचन हे पोहण्यापेक्षा पेटी वाजवण्यासारखं आहे. पोहणं सहसा विसरत नाही, पण पेटीवरची बोटं दीड महिन्यात जड होतात. ज्याचं वाचन आधीच पक्कं आहे त्याला फारसा फरक पडत नाही. ज्याचं कच्चं आहे तो जूनमध्ये मार्चपेक्षा मागे असतो.

यावर एक जुना आणि महत्त्वाचा अभ्यास आहे. बार्बरा हेन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास केला आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे बघा, आपल्याला हव्या त्याच वयाची मुलं. त्यांना असं दिसलं की सुट्टीतल्या प्रगतीशी वाचनाचा संबंध सातत्याने लागतो. ज्यांनी सुट्टीत सहा किंवा जास्त पुस्तकं वाचली त्यांना फायदा झाला. आणि सार्वजनिक वाचनालय घरापासून किती जवळ आहे, यानेही फरक पडत होता.

दुसरा अभ्यास फ्लोरिडा राज्यातला. गरीब वस्त्यांमधल्या शाळांतल्या लहान मुलांना तीन वर्षं, दर उन्हाळ्यात बारा पुस्तकं देण्यात आली. यातली खरी गोम अशी की पुस्तकं मुलांनी स्वतः निवडली होती. शिक्षकांनी यादी दिली नव्हती. तीन वर्षांनी या मुलांचं वाचन इतर मुलांपेक्षा सुधारलेलं दिसलं.

आता परदेशातलं सगळं जसंच्या तसं आपल्याला लागू पडेल असं नाही. पण तीन गोष्टी सरळ घेता येतात. पुस्तक हाताशी हवं, निवड मुलाची हवी, आणि संख्या फार मोठी असायची गरज नाही. सहा आठवडे, सहा पुस्तकं. त्यातली तीन बारीक असली तरी चालतील.

पाचवी ते आठवीच का?

कारण याच वयात वाचनाची गाडी रुळ बदलते. चौथीपर्यंत मूल वाचायला शिकत असतं. पाचवीनंतर त्याने वाचून शिकायचं असतं. इतिहास, विज्ञान, भूगोल, सगळं परिच्छेदांतून येतं. जो इथे अडखळला तो मराठीतच नाही, सगळ्याच विषयांत अडखळतो, आणि आपण म्हणतो, "विज्ञानात कच्चा आहे हो." विज्ञानात नाही, वाचनात कच्चा असतो तो.

दुसरं म्हणजे या वयात मूल "बाळबोध" गोष्टींवर रुसतं आणि मोठ्यांची पुस्तकं अजून झेपत नाहीत. या मधल्या पट्ट्यात योग्य पुस्तक मिळालं नाही, तर हातात मोबाइल असतोच.

पुस्तक कसं निवडायचं?

एक सोपी युक्ती, पाच बोटांची. मुलाला पुस्तकाचं मधलं एखादं पान वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आत्ता एकट्याने वाचायला जड आहे. ते तुम्ही वाचून दाखवा. एकही बोट मिटलं नाही तर पुस्तक सोपं आहे, आणि सोपं पुस्तक वाचणं हा काही गुन्हा नाही.

काही नावं सांगते. ही नमुन्यादाखल, सक्तीची यादी नव्हे.

ज्याला वाचनाचा कंटाळा आहे त्याच्यासाठी 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ मध्ये सुरू झाली, तिचे संग्रह मिळतात. चित्रकथा वाचणं हेही वाचनच आहे, हे आधी आपण मोठ्यांनी मान्य करायला हवं.

पाचवी-सहावीसाठी दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' आणि भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत येतो, सायकल वाऱ्यासारखी पळवतो आणि दर वेळी कुठल्यातरी भानगडीत सापडतो. काळ जुना आहे, पण वेग आजच्या मुलांनाही पुरतो. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या विज्ञान-साहसकथाही मराठीत आणल्या, त्या ज्याला अवकाश आणि यंत्रं आवडतात त्याला द्या.

सहावी-सातवीसाठी 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या जपानी पुस्तकाचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा, आणि पहिल्याच दिवशी एका चिमुरडीचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. प्रकरणं छोटी आहेत, त्यामुळे दमछाक होत नाही.

सातवी-आठवीसाठी साने गुरुजींचं 'श्यामची आई', जे त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि आठवीच्या चांगल्या वाचकासाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. धनगरांच्या वस्तीत एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो त्याची ही कादंबरी, १९५५ सालची.

आणि हो, पुस्तक अर्धवट सोडायची मुभा द्या. दानिएल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकाने, तेही शिक्षकच, १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यात पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क आहे, पानं गाळायचा आहे, तेच पुस्तक पुन्हा वाचायचाही आहे. माझा नियम असा: वीस पानं वाचून बघ, नाही आवडलं तर बदल. "घेतलंय तर संपव" हे वाक्य ताटातल्या भाजीसाठी ठेवूया.

पुस्तकं आणायची कुठून?

"ताई, पुस्तकं महाग आहेत," हा प्रश्न दर वेळी येतो, आणि तो खरा आहे. तर आधी जवळचं सार्वजनिक वाचनालय बघा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि गावोगावी अनुदानित ग्रंथालयं आहेत. बऱ्याच ठिकाणी बालविभाग असतो, वर्गणी थोडी असते, आणि सभासदांची वाट बघत असलेली पुस्तकं असतात. मुलाच्या स्वतःच्या नावाने सभासदत्व घ्या. ते कार्ड खिशात असण्यालाही मोल आहे.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक आंतरजालावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतली शेकडो गोष्टींची पुस्तकं मोफत आहेत आणि त्यांवर वाचनाची पातळीही लिहिलेली असते. रद्दीच्या दुकानात मुलाला घेऊन जा. सोसायटीत किंवा वाडीत दहा घरांनी दोन-दोन पुस्तकं काढली तर वीस पुस्तकांची पेटी तयार होते. आणि सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला जात असाल तर वाटेत भिलारला थांबा. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथे गावकऱ्यांच्या घरांत पुस्तकं मांडली आहेत, कोणीही बसून वाचावं.

प्रकल्प: करायचा कशाला?

आता प्रकल्पाकडे येऊया. प्रकल्पाची माझी कसोटी एकच आहे: *पुस्तक न वाचता तो करता येतो का?* येत असेल तर तो हस्तकलेचा तास झाला. माझा पुठ्ठ्याचा किल्ला तसाच होता. उलट, करताना मुलाला चार वेळा पुस्तक उघडून बघावं लागत असेल तर प्रकल्प चांगला.

दुसरा नियम वेळेचा. तीन तास वाचन असेल तर एक तास प्रकल्प. उलटं झालं की पुस्तक बाजूला राहतं आणि घरभर चकमक सांडते.

तिसरा नियम आईबाबांसाठी. हात मागे बांधा. वाकडी रेघ चालेल, मुलाची हवी.

आता काही प्रकल्प, माझ्या वर्गात करून पाहिलेले.

गोष्टीचा नकाशा. 'फास्टर फेणे'चं एक पुस्तक घ्या. बन्या कुठून निघाला, कुठे पोचला, कुठे अडकला, हे कागदावर काढायचं. प्रत्येक ठिकाणापाशी पान क्रमांक लिहायचा. पान क्रमांक सक्तीचा, कारण तोच मुलाला पुस्तकात परत पाठवतो. पुण्यात राहणारी मुलं मग खऱ्या रस्त्यांशी ताडून बघतात.

दोन गोष्टींचा डबा. 'तोत्तोचान'मधले मुख्याध्यापक मुलांना डब्यात काहीतरी समुद्राकडचं आणि काहीतरी डोंगराकडचं आणायला सांगतात. मुलाने आठवडाभर स्वतःच्या ताटातल्या पदार्थांची अशी नोंद करायची. बोंबील समुद्राकडचा, नाचणी डोंगराकडची, मग मीठ कुठलं? आणि आमच्या सोलापूरची ज्वारी कशात टाकायची? शेवटी एक परिच्छेद: त्या शाळेने असं का सांगितलं असेल?

शब्दांची पेटी. 'श्यामची आई' किंवा 'बनगरवाडी' वाचताना न कळलेले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून काड्यापेटीत टाकायचे. रोज संध्याकाळी दोन चिठ्ठ्या आजी-आजोबांपुढे. अर्थ त्यांनी सांगायचा, मुलाने लिहायचा. पडवी, माजघर, ओटी यांतला फरक आजीइतका कुठलाही शब्दकोश सांगत नाही. आणि आजीलाही बरं वाटतं, ते वेगळंच.

पात्राची मुलाखत. दोघांनी मिळून करायचा प्रकल्प. दोघांनीही तेच पुस्तक वाचलेलं हवं. एक वार्ताहर, दुसरा पात्र. दहा प्रश्न, आणि उत्तरं पुस्तकाला धरून. "तुम्ही त्या रात्री खोटं का बोललात?" असा प्रश्न विचारायचा तर ती रात्र वाचलेली असावी लागते!

एका कागदाचं पुस्तक. आवडलेल्या पात्राची नवी गोष्ट लिहायची, आठ पानांत. एक कोरा कागद घ्या. घड्या घालून त्याचे आठ समान चौकोन पाडा, चार वर, चार खाली. आता कागद आडव्या बाजूने अर्धा दुमडा आणि दुमडलेल्या कडेपासून मधल्या रेषेवर पुढच्या घडीपर्यंतच कापा. कागद उघडा, लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला. मधली चीर उघडते आणि चार पाकळ्या होतात. त्या गुंडाळल्या की पुस्तक तयार. डिंक नको, टाचणी नको. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ धरून आठ पानं, म्हणजे गोष्टीला सहाच. सहा पानांत सांगायचं म्हटल्यावर काय गाळायचं हे मूल आपोआप शिकतं.

आवाजातलं पुस्तक. आपल्यापेक्षा लहान मुलासाठी एक गोष्ट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायची. या प्रकल्पाबद्दल थोडं जास्त बोलायचंय, कारण तो मला त्या किल्ल्यावाल्या मुलामुळे सुचला.

पुढच्या उन्हाळ्यात

त्याला "तुझं वाचन कच्चं आहे, दुसरीची पुस्तकं वाच" असं मी कसं सांगणार होते? तेरा वर्षांचा मुलगा. त्याने पुस्तक फेकून दिलं असतं, आणि बरोबर केलं असतं. पण त्याची धाकटी बहीण दुसरीत जाणार होती. मी त्याला म्हटलं, "तिच्यासाठी गोष्टींचा खजिना करायचा. तू वाचायचंस, तिने ऐकायचं. चुकलं तर पुसून पुन्हा." दुसरीची पुस्तकं वाचायला त्याला आता एक मानाचं कारण मिळालं होतं.

पहिली गोष्ट त्याने अकरा वेळा ध्वनिमुद्रित केली, असं त्याच्या आईने सांगितलं. अकरा वेळा! मी वर्गात कोणाकडून एक परिच्छेद दोनदा वाचून घेतला नव्हता. सुट्टी संपली तेव्हा मोबाइलमध्ये चौदा गोष्टी होत्या. पहिलीत मोठे मोठे थांबे आहेत, मागे कुकरची शिट्टी आहे. चौदाव्या गोष्टीत तो कोल्ह्याचा आवाज काढतोय.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. आठवीचं विज्ञानाचं पुस्तक त्याला तरीही जड गेलं, आम्हाला वर्षभर बसावं लागलं. पण जूनमध्ये त्याने स्वतः हात वर केला आणि 'चिंटू'ची तीन पानं वर्गाला वाचून दाखवली. या वेळीही वर्ग हसला. पण चिंटूला हसला.

तपासायचं कसं?

गुण देऊ नका. सारांश मागू नका. शेजारी बसून तीन प्रश्न विचारा. कुठलं पान पुन्हा वाचलंस? कुठे कंटाळा आला? हे पुस्तक कोणाला देशील, आणि का? ज्याने वाचलंय तो या तिन्हींवर बोलत सुटतो. ज्याने वाचलेलं नाही तो पहिल्याच प्रश्नाला घुटमळतो, आणि तेव्हा रागवायचं नाही. फक्त म्हणायचं, "चल, एक पान मी वाचते, एक तू."

आणि पालक-शिक्षक मंडळी, एवढं एक कराच. या आठवड्यात आपल्या मुलाला एक पान मोठ्याने वाचायला सांगा. चारचौघांत नाही, एकट्यात. तो कितवीत आहे, गुण किती आहेत, अक्षर किती सुंदर आहे, हे सगळं विसरून फक्त ऐका. अडखळत असेल तर ते मे महिन्यात कळणं खूप बरं. मला जूनमध्ये कळलं होतं, सगळ्या वर्गासमोर.

तुमच्या मुलांनी या सुट्टीत काय वाचलं, कुठलं पुस्तक अर्ध्यात सोडलं, हे मला जरूर कळवा. सोडलेल्या पुस्तकांची यादी मला जास्त आवडेल. भेटूया पुढच्या भागात. तोवर वाचत राहा, आणि हो, वाचून दाखवत राहा!